आईचं मनगट

लंबी रोटी ज्यांनी कधी होताना पाहिली नाही, त्यांना आधी ती नीट सांगायला हवी. नाहीतर माझा राग त्यांना कळायचा नाही.

चुलीवर मडकं पालथं घालतात. खालून जाळ लागला की ते तव्यासारखं तापतं. गव्हाचं पीठ कपड्यानं गाळून, मीठपाणी घालून इतकं सैल भिजवायचं की ते हातात धरवत नाही. मग परातीत उचलायचं आणि आपटायचं, उचलायचं आणि आपटायचं, चांगला अर्धा-पाऊण तास. तेव्हा कुठे त्याला तार येते, म्हणजे ओढलं तरी तुटत नाही. त्या पिठाचा गोळा ओल्या हातावर घेऊन या हातावरून त्या हातावर, पार कोपरापर्यंत खेळवत पसरवायचा आणि अलगद मडक्यावर टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. सगळा कारभार मनगटाचा.

अड्याळला आमचं घर याच रोटीवर चालत आलं. लग्न, नामकरण, नव्या घराचं जेवण, काही असलं की आमच्या अंगणात निरोप यायचा. बाबा लाकडं आणायचे, कुंभाराकडून मडकी ठोकून-वाजवून निवडायचे, रोट्यांचे डबे पोचवायचे. आई रोटी करायची. धाकटा भाऊ आणि मी शिकलो ते या रोटीवर. तो पुण्याला नोकरीला लागला आणि मी नागपूरच्या एका खासगी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक झाले. काचेच्या नळ्या धुणं, द्रावणं तयार करणं, मुलांनी फोडलेल्या बीकरवरून ओरडणं. जगाच्या दृष्टीनं काही मोठं नव्हतं. पण त्या प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असायच्या आणि मला ते फार आवडायचं. स्वयंपाकाशी माझा संबंध सकाळच्या चहापुरता. जेवणाचा डबा मेसमधून यायचा.

बाबा गेले, आणि पुढच्याच वर्षी आईचा फोन आला.

"बाई, हात नाई चालून राहिला. रोटी मडक्यावर टाकाले गेली का मधातच फाटते."

मी सुटी काढून गेले. मनगट खरंच सुजलं होतं, हे मी आजही नाकबूल करत नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक पट्टा दिला आणि काही महिने हाताला विश्रांती द्या म्हणून सांगितलं. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माझं इथलं तुला माहीत आहे. तुझं तरी सुटसुटीत आहे." लग्न न केलेल्या बाईचं सगळं सुटसुटीत असतं, असं आमच्याकडे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं आहे. मी कॉलेजकडून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि जूनमध्ये दोन बॅगा घेऊन घरी आले.

घरून काम करणं म्हणजे आराम, असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या अंगणात आठ दिवस राहून दाखवावं. रविवार नाही, घंटा नाही, सुटण्याची वेळ नाही. सकाळी दात घासत असताना कोणीतरी फाटकाशी येऊन "साठ रोट्या पाहिजेत" म्हणून सांगून जायचं. दुपारी पडावं म्हटलं तर शेजारीण यायची, "घरीच असतेस ना, जरा गॅसवाला आला तर सिलेंडर घेऊन ठेव." हे "घरीच असतेस ना" ऐकून ऐकून माझे कान किटले. नागपुरात मी दिवसभर काय करते हे कोणी विचारत नव्हतं. इथे दिवसभर राबून मी रिकामी ठरत होते.

त्यात रोटी येईना. आई बाजेवर बसायची, पट्टा बांधलेला उजवा हात मांडीवर, आणि तोंडानं शिकवायची. "कोपर उचल. बोटं नको रुतवू. अवं, फाटली ना!" माझ्या रोट्या मडक्यावर पडेपर्यंत तीन ठिकाणी फाटायच्या. पावसाळाभर आम्ही दोघींनी फाटक्या रोट्या खाल्ल्या. चांगल्या निघतील तेवढ्याच बाहेर जायच्या आणि मोठी ऑर्डर आली की आई नाही म्हणून सांगायची. गिऱ्हाईक कमी होत होतं, मला दिसत होतं, आणि रात्रंदिवस जीव टांगणीला लागलेला असायचा.

घरचा स्वयंपाक मात्र मी पटकन शिकले, कारण तो फार साधा होता. शंभर माणसांच्या रोट्या करणाऱ्या घरात स्वतःसाठी कोणी पंचपक्वान्नं करत नाही. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात, जवसाची चटणी. भेदरं, म्हणजे टोमॅटो, निघाली की भेदऱ्याची चटणी, सांबार, म्हणजे कोथिंबीर, वरून हातानं तोडून. उन्हाळ्यात आंबील. मेसच्या तर्रीदार डब्यावर पोसलेल्या माझ्या जिभेला पहिले पंधरा दिवस ते सगळं आजाऱ्याचं जेवण वाटलं. मग एक दिवस लक्षात आलं की मी वरणाची वाटी बोटानं निपटून खाते आहे. आई पाहत होती. "भुकेनं नाई, चवीनं खाऊन राहिली तू," ती म्हणाली आणि हसली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता त्या हसण्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते.

हिवाळा लागला, धान कापून झाले, आणि अचानक मला रोटी जमायला लागली. अचानक म्हणजे खरोखर अचानक. एका सकाळी पीठ हातावर घेतलं तर ते कोपरापर्यंत आपोआप ओघळत गेलं. फाटलं नाही. मडक्याच्या दोन्ही बाजूंनी लोंबेल एवढी मोठी रोटी. मी ओरडलेच. आई बाजेवरून म्हणाली, "आज पीठच चांगलं हाये."

त्यानंतर रोज पीठ चांगलंच असायचं. माझा क्रम ठरलेला होता. पहाटे पीठ भिजवायचं, थोडं आपटायचं, झाकून ठेवायचं, आंघोळीला जायचं आणि येऊन हात लावायचा. न्हाणीघरात असताना बाहेरून थप थप असा आवाज यायचा. शेजारी धुणं धुतात असं मी समजायचे. आंघोळ करून आले की पिठाला तार आलेली असायची. मुरल्यामुळे येते, असा मी माझ्या प्रयोगशाळेच्या बुद्धीनं निष्कर्ष काढला होता आणि दोन-चार बायकांना तो ऐकवलाही होता. लोक म्हणायला लागले, पोरीच्या हातात मायचा हात उतरला. माझी मान किती ताठ झाली होती ते आठवलं तरी आता लाज वाटते.

मे महिन्याच्या शेवटी कॉलेजचं पत्र आलं. कॉलेज उघडेल त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर जागा मोकळी करा. जेवताना मी आईला सरळ विचारलं. "आई, खरं सांग. हात कसा आहे? तुला एकटीला जमण्यासारखं असेल तर मी जाते. मला जायचं आहे." हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले होते. तिला माहीत असावं म्हणून.

आई पाणी घ्यायला उठली. तांब्या उचलला आणि तो तिच्या हातातून सुटला. फरशीवर वाजत, घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. आई स्वतःच्या मनगटाकडे पाहत उभी राहिली. मला तिच्याकडे पाहवेना.

त्याच दुपारी मी मोबाईलवरून राजीनामा पाठवला. दोन ओळींचा होता. भावाला कळवलं तर त्याचं लगेच उत्तर आलं, "बरं केलंस ताई." कपाटांच्या किल्ल्या रजेवर येतानाच देऊन आले होते, तरी त्या दिवशी माझा हात दोनदा कमरेशी गेला.

श्रावणात दिघोरीहून निरोप आला. आईची मावसबहीण गेली होती, तिचं पुण्यानुमोदन होतं, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची वंदना आणि जेवण. आमच्यात दुःखाच्या घरी रोट्या करायला बाहेरच्या बाया बोलावत नाहीत. नात्यातल्या बायकाच मडकी मांडतात आणि त्या कामाला कोणी नाही म्हणत नाही. ज्या बाईच्या हातात रोटी आहे, तिच्याकडे गेलेल्या माणसाला देण्यासारखं तेवढंच शिल्लक असतं. आई आदल्या दिवशीच गेली. मला एका नामकरणाच्या रोट्या होत्या, म्हणून मी मागे राहिले.

दुसऱ्या दिवशी पीठ भिजवताना खुंटीकडे लक्ष गेलं. आईचा पट्टा तिथेच लटकत होता.

आई भिडस्त. तिथे तिला कोणी म्हणालं, बस मडक्यावर, तर ती बसणार. दुखरं मनगट घेऊन ती दुःखाच्या घरी नाही म्हणणार नाही. त्या दिवशी माझ्या रोट्या नेमक्या बिघडल्या, निम्म्या फाटल्या. घाईमुळे असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. नामकरणवाल्यांची हातापाया पडून माफी मागितली, पट्टा आणि दुखण्याच्या तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि निघाले. पवनी, तिथून लाखांदूर, तिथून काळीपिवळी. वाटभर मी त्या बायकांशी मनातल्या मनात भांडत होते. आईचा हात कामातून गेलाय हे दिसत नाही का तुम्हाला? एवढ्या बाया असताना तिलाच कायले बसवलं? दिघोरी येईपर्यंत माझं भाषण तोंडपाठ झालं होतं.

घराच्या मागे मांडवात तीन मडकी पेटलेली होती. मधल्या मडक्यावर आई.

पदर खोचलेला, बांगड्या काढून ठेवलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. तिनं गोळा उचलला, उजव्या मनगटावर घेतला, झटका दिला, डाव्यावर झेलला, परत उजव्यावर. पीठ तिच्या हातांवरून वाहत होतं. रोटी मडक्यावर पडली आणि ती निघायच्या आत दुसरा गोळा तिच्या हातात होता. लहानपणी मी तासन्‌तास पाहत बसायचे तीच आई. सूजही नाही, कळही नाही. मी पट्टा हातात धरून उभी.

शेजारच्या मडक्यावरच्या बाईनं मला ओळखलं. "आली का वो पोरी! पाहाय तुया मायचा हात. आमी दोघीनं मिळून केल्या नाई, तेवढ्या इनं एकटीनं केल्या सकाळपासून."

"हात दुखतो ना तिचा," मी म्हणाले. माझं पाठ केलेलं भाषण एवढंच बाहेर आलं.

"कोनाचा? इचा?" ती बाई हसायला लागली. "उनाळ्यात पाव्हनपनाले आली होती तवा बी इनंच केल्या. काल त परात बी इनंच उचलली."

आईनं मला पाहिलं. तिच्या हातावर रोटी होती. ती दचकली नाही, रोटी पाडली नाही. नीट मडक्यावर पसरली, निघेपर्यंत थांबली, काढली, चौघडी घातली, कापडाखाली ठेवली. मग म्हणाली, "जेवली का?"

मी पट्टा पिशवीत टाकला.

भंतेजी आले. सगळे बसले. आई हात पुसून माझ्या शेजारी येऊन बसली, तिच्या नखांत पीठ होतं. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. एकेक शील भंतेजींच्या मागून म्हणायचं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझं सगळं लक्ष आईच्या आवाजाकडे. तिनं दोन्ही हात जोडून ते स्पष्ट म्हटलं, जरासुद्धा अडखळली नाही. माझंच ते शील म्हणायचं राहून गेलं.

परतताना एका सीटवर बसलो. लाखांदूर मागे पडलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धान निघाले तवाच बरा झाला."

म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे पत्र आलं त्याच्या सहा महिने आधी. मला तो तांब्या आठवला. फरशीवर वाजत गेलेला. आणि आता, इतक्या उशिरा, हे आठवलं की फरशी कोरडी होती. मी तांब्या उचलून ठेवला होता, पण काही पुसलं नव्हतं. त्यात पाणीच नव्हतं. भरलेला तांब्या पाडला असता तर घर ओलं झालं असतं, म्हणून तिनं रिकामा पाडला. एवढा विचार करून माझ्या आईनं केसानं माझा गळा कापला होता.

"थांब म्हणायचं होतंस," मी म्हणाले. माझा आवाज चढला, पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. "तोंडानं सांगायचं होतंस. मी एकटी पडली, थांब म्हणून."

"थांबली असती?"

"विचारून तर पाहायचं होतंस!"

"आन् नाई म्हनली असती त?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मंग मी कोनाच्या तोंडाकडे पाह्यची होती? तुये बाबा गेले. पोरगा फोनवर हो हो करते. तुले विचारलं असतं आन् तू गेली असती, त ते मले सहन नसतं झालं बाई. हात दुखते म्हनलं का कोनी नाई म्हनत नाई."

मग मी मूर्खासारखं म्हणाले, "निदान रोटी तरी शिकले."

त्यावर ती नुसती हो म्हणाली असती तर चाललं असतं. पण त्या दिवशी तिला खरं बोलायची लहर आली होती. "पीठ मीच आपटून ठेवत होती," ती म्हणाली. "तू आंघोळीले गेली का."

नोकरी गेली त्याचं दुःख मोठं होतं, पण या वाक्यानं मी जास्त पेटले. नोकरी तिनं माझ्याकडून काढून घेतली होती. हे मात्र तिनं मला दिलं होतं आणि तेही खोटं निघालं. मायचा हात उतरला म्हणे. तो हातच मायचा होता. पवनीपासून मी वेगळ्या सीटवर बसले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात फोन केला. माझ्या जागेवर नवी मुलगी जूनमध्येच रुजू झाली होती. चांगली आहे, म्हणाले. भावालाही फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई, आईच आहे ती." आईच आहे म्हणूनच जाऊ देता येत नाही, हे त्याला पुण्यात बसून कसं कळणार? फोन ठेवला.

तेव्हापासून अंगणात दोन मडकी आहेत. पट्टा परत खुंटीवर गेला. आई आता उघडपणे तिच्या मडक्यावर बसते आणि मी माझ्या. माझ्या पिठाला हात लावायचा नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं. पहिला महिना सगळं परत फाटलं. गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं, तुमच्या आईच्याच द्या. मी मूग गिळून बसले. पहाटे चारला उठून पीठ आपटत राहिले, तासभर, कधी जास्त. आई बाजेवरून बघायची आणि गप्प राहायची. आमच्यात बोलणं उरलं ते लाकडं, मीठ आणि वरणात पाणी किती एवढंच. माफ कर असं ती म्हणाली नाही. मी माफ केलेलंही नाही.

हळूहळू तार यायला लागली. माझी, खरी. दहातल्या सहा रोट्या, मग आठ. आणि त्याच सुमारास माझ्या उजव्या मनगटात कळ सुरू झाली. आधी आपटताना, मग वेणी घालताना, मग नुसतं बसल्या बसल्याही. परवा वरणाचं पातेलं उतरवताना हात असा थरथरला की वरण चुलीत सांडलं. भरलेलं पातेलं होतं.

आईनं राख सावरली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हात दुखते का?"

त्या घरात आता हात दुखतो असं म्हणायची सोय राहिलेली नाही. ते वाक्य तिनं वापरून संपवलं आहे. मी म्हटलं तर ते खरं असूनही माझ्याच कानाला खोटं लागेल.

"नाही," मी म्हणाले.

काल सकाळी चहाच्या कपाजवळ खुंटीवरचा पट्टा घडी करून ठेवलेला होता. मी तो उचलून परत खुंटीला लावला. पीठ भिजवलं. चार वेळा आपटलं आणि डोळ्यांत पाणी आलं, मग झाकून ठेवलं आणि आंघोळीला गेले.

अंगावर पहिला तांब्या घेतला आणि बाहेर आवाज सुरू झाला. थप, थप, थप. मी इतके महिने शेजाऱ्यांचं धुणं समजले तोच. मला ओरडता आलं असतं. दार उघडून, हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना, असं म्हणता आलं असतं. मी दुसरा तांब्या घेतला. मग तिसरा. बादली रिकामी झाली तरी आवाज थांबला नव्हता, म्हणून नळ परत सोडला.

बाहेर आले तेव्हा आई बाजेवर बसली होती, दोन्ही हात पदराखाली. परात झाकलेली. मी कापड काढलं, बोटानं पीठ ओढलं. ते लांबच लांब आलं आणि तुटलं नाही.

"आली का तार?" आईनं विचारलं.

"आली," मी म्हणाले. "आज पीठच चांगलं आहे."